गाणं टाकणारे दाजी

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नाची कॅसेट बघताना ज्या ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तिला आईबापांच्या आठवणीने नव्हे, आमच्या दाजींनी रडवलेलं आहे, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, माझ्या बायकोच्या अक्काचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणू लागलो आणि आता तर त्यांच्या जिन्याखालचा पानवालाही म्हणतो. नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत, एका साड्यांच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ आहे. पाटीवर 'फोटो व व्हिडिओ शूटिंग' असं लिहिलेलं असलं तरी ही दोन्ही कामं दाजींच्या मते किरकोळ. "शूटिंग काय, कुणीबी करतंय. बटण दाबलं की झालं. गाणं टाकायला अक्कल लागते," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. गाणं टाकणं म्हणजे लग्नाच्या फिल्ममधला खराखुरा आवाज पुसून त्याच्या जागी सिनेमातलं गाजलेलं गाणं बसवणं. तसं ते सगळेच शूटिंगवाले करतात. पण बाकीचे गाणी टाकतात आणि आमचे दाजी गाण्यांची प्राणप्रतिष्ठा करतात.

लग्नात माणसं जे बोलतात त्याला दाजी 'कचरा' म्हणतात. त्यांचा युक्तिवाद बिनतोड असतो. 'ए, हिकडं बघ', 'लाइट गेली वाटतं', 'मठ्ठा संपला काय रे' हे काय नातवंडांसाठी जपून ठेवायचंय का, असं ते विचारतात. म्हणून हळदीला थोडं चावट गाणं, वरातीला दणक्याचं, नवरी मांडवात येताना बासरीवालं, असा त्यांचा रिवाज ठरलेला. जेवणाच्या पंगतीला मात्र कायम कव्वाली, कारण वाढपी आणि कव्वाल दोघांनाही थांबायचं कळत नाही. आणि विधींना गाणी टाकून भागत नाही म्हणून ते माणसांनाही टाकतात. एका लग्नात नवऱ्या मुलाची आत्या सकाळपासून रुसून खुर्ची धरून बसली होती. दाजींनी तिच्यावर कॅमेरा फिरवला आणि नंतर तिथं चक्क सिनेमातला खलनायक पहिल्यांदा दारात उभा राहतो तेव्हाचं संगीत टाकलं. घरच्यांनी फिल्म बघितली आणि सगळे आत्याकडे बघू लागले. आत्याबाई मात्र खूश. पुढं स्वतःच्या मुलाच्या लग्नाची ऑर्डर त्यांनी दाजींनाच दिली, ती या अटीवर की आपल्याला तसलंच रुबाबदार म्यूझिक पाहिजे.

मंद्रूपच्या एका लग्नाची तर फिल्म बघता बघता नवरीचे आजोबा उठून उभे राहिले. वऱ्हाडातल्या झाडून साऱ्यांना गाणी मिळाली होती, आणि ज्या बैलजोडीने नवरदेवाची गाडी वेशीपासून ओढून आणली ती मुक्यानेच निघून गेली होती. म्हातारे शांतपणे म्हणाले, "समद्यांला गाणी टाकली तुमी. आमच्या बैलानं काय घोडं मारलं व्हय?" दुसरा कुणी असता तर हसला असता. दाजी ओशाळले. कॅमेरा घेऊन पुन्हा मंद्रूपला गेले, बैलांचं वेगळं शूटिंग केलं आणि त्यांना नायकाच्या आगमनाचं गाणं टाकून दिलं. शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर कुटुंबाने आमच्या भाषेतली गाणी टाका म्हटल्यावर दाजींनी नुसत्या चाली ऐकून गाणी निवडली. मुहूर्ताच्या वेळेला जे टाकलं ते एका दारुड्याचं विरहगीत निघालं. घरातल्या बायका पोट धरून हसत होत्या. दाजींचं म्हणणं एवढंच, की चाल तर मंगल आहे ना, मग शब्दांशी काय करायचंय.

शब्दांशी काय करायचंय, हे त्यांचं जगण्याचंही सूत्र आहे. घरी अक्का रागावून बोलायला लागली की ती काय बोलते तिकडे लक्ष न देता दाजी त्या रागाला साजेसं गाणं गुणगुणतात, आणि गाणं बरोबर बसलं की अक्का हसते. मुतखड्याने आडवे झाले तेव्हा स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही निरवानिरव आहे. म्हणाले, इथं नुसती सारंगी पाहिजे, गाणं नको. त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं ही तर शिक्षा. हल्लीच्या सिनेमांत जुनी गाजलेली गाणी मधेच वाजवायची पद्धत आलीय. नायिका गॅलरीत उभी, काही बोलत नाही, आणि मागं शेजारच्या रेडिओवर आपल्या लहानपणीचं गाणं. थिएटरभर माणसं हळवी होतात आणि दाजी अंधारात उभे राहतात. "बघा, पावणं. हे आता करायला लागलेत. आमी कवापासनं करतोय!" मागचे लोक बसा म्हणतात. दाजी बसतात, पण मुंबईच्या दिग्दर्शकांनी ही युक्ती सोलापुरातल्या लग्नांच्या कॅसेटींवरून उचलली याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. मी त्यांना अनेकदा चिडवलं आहे की तसं असेल तर एखाद्या सिनेमात पंगतीला कव्वाली का दिसत नाही. ते म्हणतात, तेवढी अक्कल यायला वेळ लागेल.

आमच्या लग्नाची फिल्मही अर्थातच दाजींनी केली. त्यांचं स्वतःचं लग्न आमच्या दोन वर्षं आधी झालेलं, त्यामुळे सासरचं पहिलंच मोठं काम म्हणून त्यांनी जीव ओतला होता. मला स्वतःला त्यात जे गाणं मिळालं आहे त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. पाठवणीला मात्र त्यांनी ते प्रसिद्ध गाणं टाकलं. कुठलं ते सांगत नाही, कारण सांगितलं तर निम्मे वाचक पुस्तक मिटून डोळे पुसायला जातील. आमच्या घरी पाहुणे आले की ही कॅसेट लागायची, पाठवणी आली की गाणं सुरू व्हायचं आणि बायका पदर शोधायच्या. बायकोही रडायची. पण तिच्या रडण्यात एक बारीकसं कुसळ होतं, ते मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. आमचे सासरे, आप्पा, अतिशय कमी बोलणारे. चादरींच्या दुकानात गादीवर बसायचे, आणि गिऱ्हाईक कंटाळून स्वतःच भाव ठरवून जायचं. मी मुलगी मागायला गेलो तेव्हा ते 'बघू' म्हणाले होते, आणि घरच्यांनी मला सांगितलं की एवढं बोलले म्हणजे होकारच आहे. हे आप्पा पाठवणीच्या वेळेसही काही बोलले नाहीत, असं माझ्या बायकोच्या मनात बसलेलं. सगळ्यांचे बाप निघताना लेकीला काहीतरी सांगतात, माझे नुसते गाडीपाशी उभे राहिले, असं ती म्हणायची. तक्रार म्हणून नाही. पण म्हणायची. आप्पा आमच्या लग्नानंतर लवकरच गेले, घराघरांत मोबाइल यायच्या आधी. त्यांचा आवाज कुठंच राहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या मुलीने पुण्याहून एक उद्योग केला. ती जुनी कॅसेट कुठल्याशा दुकानातून कॉम्प्युटरवर घेतली आणि सगळ्या नातेवाइकांना बघता यावी म्हणून इंटरनेटवर चढवली. आम्ही टीव्हीसमोर बसलो. अक्का आणि दाजीही आलेले. फिल्म सुरू झाली आणि आवाजच नाही. खाली एक ओळ आली, की यातल्या गाण्यांचे हक्क दुसऱ्यांचे आहेत म्हणून आवाज बंद केला आहे. दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. "हक्क? सोलापुरात घरोघरी ते गाणं नेलं कुणी? त्यांनी का मी?" असं म्हणून ते बराच वेळ त्या अज्ञात साइटवाल्यांचा उद्धार करत होते. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. टीव्हीशेजारी खुर्ची ओढली आणि प्रत्येक प्रसंगाला आपण टाकलेलं गाणं ते तोंडाने म्हणू लागले. हळद झाली, वरात झाली, पंगतीला त्यांनी एकट्याने कव्वाली म्हटली, टाळ्यांसकट. आम्ही हसून हसून बेजार. पाठवणी आली, दाजींनी डोळे मिटून ते गाणं धरलं, आणि बायको एकदम म्हणाली, "दाजी, गप्प बसा जरा."

दाजींनी गाणं मधेच सोडलं. पडद्यावर फुलांनी मढवलेली जीप होती. आत मान खाली घालून, पदरात तोंड लपवलेली माझी बायको, आणि बाहेर खिडकीशी वाकलेले, दारावर हात ठेवलेले आप्पा. आप्पांच्या झुपकेदार मिशा हलत होत्या. ही फिल्म आम्ही नाही म्हटलं तरी शंभरदा बघितली असेल, पण ते गाणं सुरू झालं की सगळ्यांचे डोळे भरून यायचे आणि भरल्या डोळ्यांनी मिशा कुणाला दिसणार. आप्पा बोलत होते. एखादा शब्द नव्हे, चांगले थांबून थांबून, विचार करून, ते लेकीला काहीतरी सांगत होते. "आप्पा बोलले होते की मला," बायको म्हणाली. तिच्या अगदी कानाशी तेव्हा बँड वाजत होता, तिने काहीच ऐकलं नव्हतं. मग ती दाजींकडे वळली. शूटिंग करताना दाजींच्या कानाला हेडफोन असायचा, हे तिला पक्कं आठवत होतं. तुम्ही तर ऐकलं असेल, ती म्हणाली.

दाजींनी टीव्हीशेजारची खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "ऐकलं असणारच, नंदा. माझ्या कानात बोलत होते ते. पण माझं ध्यान तिकडं नव्हतं. हितं कुठलं गाणं बसंल, ते शोधत होतो मी."

त्या दिवसानंतर दाजींनी गुणगुणणं सोडलं. अक्काचा मला फोन आला, की रागावून बघितलं, भांडून बघितलं, हे गाणंच म्हणत नाहीत, घर कसं खायला उठतंय. स्टुडिओ उघडायचा सोडून दाजी आप्पांच्या शब्दांमागे लागले होते. आधी त्यांनी मूळ शूटिंगची कॅसेट शोधली, जिच्यात आवाज पुसलेला नसतो. पण कॅसेटी महाग म्हणून एका लग्नाचं काम संपलं की तिच्यावरच दुसरं शूटिंग करायची त्यांची रीत. माळ्यावरच्या बुरशी धरलेल्या ढिगातून ती नेमकी कॅसेट त्यांनी काढली, फडक्याने पुसून व्हीसीआरमध्ये घातली, आणि आप्पांच्या जागी मंद्रूपचे बैल डोलत आले. हे मला सांगताना ते हसले नाहीत, त्यामुळे मलाही हसता येईना. मग ते त्या फ्रेममध्ये उभ्या असलेल्या एकेकाच्या घरी गेले. बायकोचे मामा म्हणाले, आप्पा बोलले? आप्पा कुठं बोलायचे? एका चुलतभावाला फक्त जीपचं टायर बसलं होतं एवढं आठवत होतं, आणि ते कुणी बदललं यावरून त्याने दाजींना चहा होईपर्यंत सोडलं नाही. शेवटी मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंकडे ते फिल्म घेऊन गेले. ओठांवरून बोलणं ओळखणं बाईंचं रोजचंच काम. बाईंनी पुन्हा पुन्हा, अगदी मनापासून बघितलं आणि सांगितलं, की मला ओठ वाचता येतात हो, मिशा नाही येत.

मला वाटलं, झालं, आता विषय संपला. बायकोनेही त्यांना निरोप पाठवला की दाजी, राहू द्या, बोलले होते हे कळलं तेवढं पुरे. पण ते पुरे नव्हतं, हे मला घरात दिसत होतं. फोडणी देता देता ती मधेच थांबायची. एकदा मला म्हणाली, माहेरचं सगळं मी विसरत चाललेय म्हणून काही वाटायचं नाही, पण हे मी विसरलेलं नाही, हे मला मिळालंच नाही. 

मग एका रविवारी सकाळी दाजी आले. चादरीत गुंडाळलेला जुना व्हीसीआर काखेत, एका हातात आमच्याच लग्नाची कॅसेट आणि गळ्यात हेडफोन. अक्का मागून आली, तिलाही काही सांगितलेलं नव्हतं. दाजी खाली सतरंजीवर बसून वायरी जोडत होते आणि जोडता जोडता, आमच्याकडे न बघता बोलत होते. पाठवणीचा प्रसंग लांबला होता आणि गाणं तेवढं लांब नव्हतं. गाणं संपलं तेव्हा आप्पांचं बोलणं चालूच होतं. दुसरं गाणं लावायला दाजींचा हात जरासा उशिरा पडला आणि दोन गाण्यांच्या मधे एक फट राहिली, डोळ्याची पापणी लवते तेवढी. त्या फटीत खरा आवाज पुसायचा राहून गेला होता. आणि ही फट दाजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, फक्त तिच्यात आप्पांचा आवाज असेल हे आता सुचलं होतं. "माझी चूक ती. लई लाज वाटायची," ते म्हणाले. "म्हणून तुमच्यात कॅसेट लागली की मी बरोब्बर तिथं खोकायचो."

हे खरं होतं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पाठवणीचं गाणं संपता संपता दाजींना दरवेळी ठसका लागायचा आणि अक्का पाणी आणायला उठायची. आम्हाला वाटायचं, माणूस हळवा आहे, कंठ दाटून येतो.

बायकोने हेडफोन कानाला लावला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त ती दिसत होती. पडद्यावर जीप, खिडकी, वाकलेले आप्पा. गाणं चाललेलं असणार, कारण ती अजून वाट बघत होती. मग तिने एकदम मान वर केली. दाजींनी कॅसेट थांबवली.

"काय म्हणाले?" अक्काने विचारलं.

"बरं का," बायको म्हणाली. "नुसतं 'बरं का'. शेवटचं."

म्हणजे आप्पांनी जे काही सांगितलं त्याचं शेपूट तेवढं गाण्याबाहेर राहिलं होतं. जपून राहा, बरं का, की जेवत जा वेळेवर, बरं का, की सणाला ये, बरं का, हे गाण्याच्या आत गेलं ते गेलं. अक्काने हेडफोन घेऊन ऐकलं आणि तिथल्या तिथं सांगून टाकलं, की 'पत्र टाकत जा' असंच म्हणाले असणार, मलाही तेच सांगितलं होतं. बायकोला ते पटलं नाही. दोघी बहिणी थोडा वेळ त्यावर वाद घालत होत्या, आणि किती दिवसांनी आमच्या घरात आप्पांबद्दल एवढं बोलणं चाललं होतं. मग बायकोने पुन्हा हेडफोन मागून घेतला. दाजींनी कॅसेट थोडी मागे नेली. ती पुन्हा तशीच थांबली, मान वर केली, आणि या वेळेस ती मोठ्याने म्हणाली, "हो, आप्पा."

"काय सांगितलं ते ठाऊक नाही, आणि हो म्हणतेस?" अक्का म्हणाली.

"आप्पांनी सांगितलं तर हो म्हणायचं की नाही? तेव्हा म्हणायचं राहिलं होतं." ती रडत होती, पण चांगलं रडत होती. मीही जरा खिडकीत जाऊन उभा राहिलो.

दाजी वायरी सोडवत होते. म्हणाले, नंदा, मी असं करतो, ते गाणं तिथनं काढूनच टाकतो. आता कॉम्प्युटरवर सगळं होतंय. नुसते आप्पा दिसतील आणि शेवटी त्यांचा आवाज येईल. दाजी स्वतःच्या हाताने टाकलेलं गाणं काढायला निघाले होते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बायकोने डोळे पुसले आणि नको म्हणाली. "राहू द्या ते गाणं, दाजी. त्याच्याखाली आप्पा आहेत."

दाजी आता पुन्हा गुणगुणतात. अक्काच्या रागाला गाणी मिळतात, स्टुडिओ उघडा असतो. लग्नांच्या फिल्मला अजूनही गाणी टाकतात, फक्त पाठवणीला नवरीचा बाप बोलायला लागला की गाणं थांबतं. गिऱ्हाइकं तक्रार करतात, की इथं गाणं टाकायचं राहून गेलं बघा, नुसता बँडचा गोंगाट येतोय आणि आमचे वडील काहीतरी पुटपुटतायत. दाजी म्हणतात, असू द्या. जास्त समजावून सांगत नाहीत.

परवा आम्ही चौघं रिक्षाने नव्या पेठेत निघालो होतो, अक्काला चादरी घ्यायच्या होत्या. रिक्षातल्या रेडिओवर पाठवणीचं ते गाणं लागलं.  दुकान आलं, रिक्षा थांबली, मागं गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, आणि आमच्यापैकी कुणीच उतरेना. रिक्षावाला वळून म्हणाला, "उतरो ना चाचा, दुकान आ गया." दाजी पुढं त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, थांब बाबा, एवढं संपू दे. बायकोने मान थोडी वर केली होती. गाणं संपलं. क्षणभर काहीच वाजलं नाही. मग कुठल्याशा साबणाची जाहिरात सुरू झाली आणि आम्ही उतरलो.